टिटवीची आणि माझी ओळख

१ मार्च
पक्षी अभयारण्यात नोकरी लागली. काम सोपं: पर्यटकांना आखलेली वाट सोडू द्यायची नाही. महिनाभर ट्रायल, टिकलो तर कायम. ताईने बजावलंय, हीपण सोडलीस तर माझ्या घरातून गाशा गुंडाळ. मी कधी सोडली? नोकऱ्याच मला सोडतात. संकल्प: वेळेवर जाणे. रोज एक पक्षी पाठ करणे.

२ मार्च
वेळेवरच निघालो होतो. रस्त्यात एक जण ट्रकचं टायर बदलत होता. बघत राहिलो. पक्षी उद्यापासून.

५ मार्च
फाटकापासून माझ्या चौकीपर्यंतची वाट अख्ख्या तळ्याला वळसा घालते. कोणी आखली देव जाणे. माळावरून तिरपं गेलं की झटक्यात चौकी! नियम काय, पर्यटकांना. मी स्टाफ.

८ मार्च
माळावर एक टिटवी रोज माझी वाट बघते. मी दिसलो की ओरडत डोक्यावर घिरट्या. आज तर टोपीपर्यंत आली. तिकीट खिडकीवरच्या काकूंना म्हटलं, पाखरांना माणूस कळतो हो. काकू म्हणाल्या, ओरडतेय ना? मग कळलाय.

१४ मार्च, दुपारी
संताप! पर्यटक सरळ माळ तुडवत येतात. गवतात चांगली पायवाट पडलीय. एका आजोबांना झापलं, तर तेच माझ्यावर डाफरले, अहो वाट आहे म्हणून आलो ना! लोकांना निसर्गाची काही पडलेलीच नाही. साहेबांकडे तक्रार करायला धावलो. माळावरूनच. वळसा घालायला वेळ कुठे होता?

१५ मार्च
साहेब भडकले. म्हणाले, तिथे टिटवी जमिनीवर अंडी घालते, पायाखाली आली म्हणजे? कोण गाढव आहे तो? मी म्हटलं, साहेब, झुडपात कॅमेरा लावा. कोणी हललं की आपोआप फोटो. साहेबांनी पाठ थोपटली. कायम झालोच. ताईला सांगूनही टाकलं.
अंड्यांचं मात्र आश्चर्य वाटलं. एवढी ओळख असून टिटवी बोलली नाही.

१८ मार्च
कॅमेरा बसला. जागा मीच दाखवली. चालू आहे ना, हे बघायला येता-जाता समोरून जातो.

२८ मार्च
फोटो बघायला सगळा स्टाफ जमला. मी पुढची खुर्ची धरली. पहिला फोटो: मी. दुसरा: मी, केळं खाताना. मग मी, मी, एक कोल्हा, मी. एकात टिटवीला हात करतोय. काकू म्हणाल्या, कोल्हासुद्धा बिचारा कडेकडेने गेलाय. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, फोटो किती स्पष्ट येतात बघा.

१ एप्रिल
ट्रायल संपली. मीपण. हात करतानाचा फोटो मात्र मोठा करून फाटकावर लावलाय. खाली लिहिलंय: वाट सोडू नका. ताई फोटो बघून आली. म्हणाली, चला, एका जागी टिकलास एकदाचा. गाशा रविवारपर्यंत.

४ एप्रिल
जायच्या आधी तिकीट काढून आत गेलो. काकूंनी सुटे पैसेसुद्धा मोजून घेतले. लांबची वाट धरली. खरंच लांब आहे. माळावर दोरी बांधलीय, पायवाटेत गवत उगवतंय. लांबवर टिटवी, आणि तिच्यामागे पळणारे मातकट ठिपके. पिल्लं!
हात केला. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा किडे टिपायला लागली. ओरडली नाही. म्हणजे इतके दिवस मी जो नमस्कार घेत होतो, त्या शिव्या होत्या.
आज पहिल्यांदाच तिने मला ओळखलं नाही. इथलं माझं काम जमलं म्हणायचं.