नकला उतरवणाऱ्याच्या नावे

मी, गुरुनाथ विठ्ठल रेडीज, वय ५४, मूळ राहणार चिपळूण, सध्या मुक्काम रियाध, येत्या रविवारी हृदयाची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. शंभरातले किती वाचतात ते डॉक्टर सांगतात, मी त्यात आहे की नाही ते सांगत नाहीत. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती लपवत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. चिपळूणचे घर व बँकेतील ठेवी पत्नी शालिनी हिला. तिने आपल्या भावाला वरच्या मजल्यावर राहायला देऊ नये. तो एकदा आला की हलत नाही, हे मी चौदा महिने सोसले आहे.

२. माझी सर्व सन्मानचिन्हे इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दौलत यांना. माझ्या प्रत्येक नाटकाआधी त्यांनी पाऊण तास भाषण ठोकले, तेव्हा निम्मा मान त्यांचाच.

३. जपानी रंगभूमीवरची पुस्तके मुलगी अनुष्का हिला. रास तनुरा बंदरावर नोकरीला असताना ती पुस्तके मला एका जपानी इंजिनियरने दिली. त्यांवरून काबुकीचे आणि तिथल्या बाहुलीनाट्याचे लेखक कसे घडत, यावर मी नऊ वर्षे खपून बाड लिहिले, तेही तिलाच. ती विचारते, "बाबा, हू विल रीड धिस?" तिने निदान दुसरे प्रकरण वाचावे. लेखक व्हायला आलेला शिकाऊ आधी वर्षानुवर्षे नकला उतरवी, म्हणजे प्रत्येक नटाचे संवाद वेगळ्या कागदावर लिहून काढी. नाटकात लागणारी पत्रे लिही, लाकडी पट्ट्या वाजवून पडद्याची खूण देई, अडलेल्या नटाला मागून वाक्य सांगे. मग कधीतरी एखादा किरकोळ प्रवेश त्याच्या वाट्याला येई. कित्येक जण म्हातारे झाले, मुख्य लेखक झाले नाहीत. बाहुल्यांच्या नाटकात तिघे-चौघे अंक वाटून घेत, पण नावे तरी सगळ्यांची छापत. गुरू आपले नाव शिष्याला देऊन जाई. हे मी फार हळहळून लिहिले आहे. लिहिताना माझ्यासमोर कोण बसले होते, ते मात्र लिहिलेले नाही.

४. समोर बसायचा मोहियुद्दीन मुकादम, राहणार दाभोळ, आमच्या कंपनीच्या अल सुलै गोदामातला स्टोअरकीपर. अक्षर मोत्यासारखे म्हणून मी त्याला बोलावले आणि म्हणालो, "नकला करून दे." तो उभा राहिला आणि त्याने गोदामाच्या मॅनेजरची हुबेहूब नक्कल करून दाखवली. मी पोट धरून हसलो. त्यानंतर सहा नाटकांच्या नकला त्याने उतरवल्या, आणि उतरवताना वाक्ये बदलली. बायका ज्या वाक्यांना डोळे पुसत, ती त्याची होती. पडदा पडल्यावर हार मी घालून घेतला.

२००३ साली कोणीतरी तक्रार केली. नाटकातला कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही इथे राहतो तो मालक, कामगारांचे पासपोर्ट उशाशी घेऊन झोपतो, तो प्रवेश झोंबला. तो प्रवेश अख्खा माझा होता. कंपनीच्या साहेबांनी कागद पुढे टाकून विचारले, "हे कोणी लिहिले?" मी म्हणालो, "अक्षर मोहियुद्दीनचे आहे." त्याला बोलावले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अरबी कागदावर मुकाट सही केली. अकराव्या दिवशी तो विमानात होता, परत न येण्याच्या शिक्क्यासह. माझ्यासारखा नीच माणूस मी पाहिलेला नाही.

~~माझे 'वाशिष्ठीकर' हे टोपणनाव आणि सहाही नाटके मी मोहियुद्दीन यास देत आहे. मृत्यूनंतर हे मंडळात जाहीर वाचावे.~~

५. वरचा मजकूर मी आजच खोडला. पत्ता बिनचूक हवा म्हणून सहकारी जमालुद्दीनकडून नंबर घेऊन दाभोळला फोन लावला. मोहियुद्दीन फोनवर आला नाही. त्याच्या पत्नीने, मासूमाने, सगळे ऐकून घेतले.

"भाव, नाव ठेवा तुमच्याजवल," ती म्हणाली. "त्यानी लिवणा सोडलंय. साहेबाला अर्धा खरा सांगितलंत, उरलेला पण सांगा. पण जित्तेपणी सांगा. मेल्यावर कोण पकडणार हाय तुमाला?"

चार वर्षे मी हेच शोधत होतो: कबुली द्यायची, पण शिक्षा व्हायला आपण नसावे. मृत्युपत्रासारखी सोयीची जागा दुसरी कुठे मिळणार होती?

उद्या शनिवारी ऑफिस उघडताच मी साहेबांना तो प्रवेश माझा असल्याचे लेखी देईन. मग इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, राहील की जाईल आणि शस्त्रक्रिया होईल की नाही, सांगता येत नाही. शालिनी रडून सांगते आहे, "आधी ऑपरेशन होऊ द्या, मग बोला." पण वाचलो तर मी बोलणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

ठिकाण: रियाध
दिनांक: ९ मार्च २००७, शुक्रवार

सही: गुरुनाथ विठ्ठल रेडीज

साक्षीदार:
१. श्यामला केळकर, शेजारी
२. जमालुद्दीन परकार, सहकारी. उद्या सकाळी सात वाजता मला ऑफिसला न्यायला गाडी घेऊन येणार आहेत. मी दार उघडले नाही, तर त्यांनी ठोठावत राहावे.