बजावणी

प्रिय छबडे,

माझं पत्र बघून तू हबकशील. उभ्या जन्मात मी लिहिलं ते कोर्टाच्या कागदावर, ‘घरी मिळून आले नाहीत, दारावर डकवले’, नाहीतर ‘सही घेऊन दिले’. लग्नाच्या पत्रिका वाटतानासुद्धा मी लोकांकडून पोच घेतली, म्हणून तू अजून हसतेस.

एकतीस वर्षांच्या बेलिफगिरीत माझ्या हातचं एकही समन्स बजावल्याशिवाय परत गेलं नाही. त्याच मिजाशीने घात केला. शिवणकारखान्याच्या आगीच्या खटल्यात तुला साक्षीला बोलावणारं समन्स जुन्या पत्त्यावर निघालं. ‘इथे राहत नाही’ असं लिहून मी गप्प बसायचं होतं. पण कारकुनाने सगळ्यांदेखत चिडवलं, की अखेर दादांचंही समन्स परतलं म्हणायचं. माझं डोकं फिरलं आणि मी तिथल्या तिथे तुझा नवा पत्ता लिहून दिला. साक्षीदारांच्या यादीची प्रत मालकाच्या वकिलालाही जाते, हे मला काय माहीत नव्हतं? अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

आगीआधी मालकाने मागच्या दाराला कुलूप घातलं, ते पाहणारे तुम्ही तिघेच. पहारेकऱ्याला आता काही आठवत नाही. इस्त्रीवाला दोन आठवडे घरी आलेला नाही. त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून मला विचारते, आणि मी मान खाली घालून पुढे जातो. काल दुपारी कँटीनमध्ये मालकाचा ड्रायव्हर समोर येऊन बसला. चहा ढवळत अगदी आपुलकीने म्हणाला, “काका, बहिणीच्या नव्या घराचा जिना फार अंधारा आहे हो.”

साक्ष दे किंवा देऊ नकोस, मी सांगणार नाही. आत अडकलेल्या सहा जणींच्या शेजारी बसून तू आठ वर्षं शिवलंस; तुला मी काय शिकवणार? फक्त जिवंत राहा. हे पत्र तुझ्या वहिनीच्या हाती देतोय. सोबतच्या समन्सवर सही करून प्रत तिला दे आणि आहेस तशी तिच्याबरोबर निघ, पिशवी भरत बसू नकोस. परवा माझ्या कोटाला लावलेला कोर्टाचा बिल्ला कुणीतरी काढून नेला. तुझं समन्स मी या पत्रासोबत बजावलंय, दुसरं निघालेलं नाही. तेव्हा तुम्ही निघायच्या आत कोर्टाचा माणूस म्हणून कुणी दार वाजवलं, तर तो कोर्टाने पाठवलेला नाही.

तुझाच,
दादा