उजवीकडे शेपटी नसलेलं विमान

अप्पा, ते विमान खरंच होतं. मी त्याचे फोटो पाहिले आहेत, आणि काही सेकंदांची एक हलती फिल्मसुद्धा. त्यात ते धावपट्टीवरून धावतं आणि इतकं सहज वर जातं, की बघणाऱ्याला त्यात काही वावगं वाटूच नये. डावीकडे इंजिन आणि त्याच्यामागे शेपटीपर्यंत गेलेला लांब दांडा. उजवीकडे, पंखावर वेगळी बसवलेली, माणसांची काचेची खोली. दोघांच्या मध्ये नुसता पंख. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन टेहळणी विमान, फार थोडी बनली आणि नंतर सगळी मोडीत गेली. गेल्या उन्हाळ्यात मी इथे कलबुर्गीत स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसून तुरीची डाळ निवडत होते, फोन बाजूला चालू होता, आणि एकामागून एक चित्रं सरकताना ते समोर आलं. मी ताट खाली ठेवलं. चष्मा पुसला. मग मी सगळ्यात आधी शेपटी पाहिली, अप्पा. आडवी शेपटी डावीकडेच होती. उजवीकडे नव्हती. तुम्ही काढली होती तशीच.

आठवतंय? मी सातवीत आहे. बीदरला आपण क्वार्टरमध्ये राहतो, तुम्ही विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करता, सुट्या भागांसाठी लाकडी खोकी बनवता. डोक्यावरून शिकाऊ विमानं गेली की मांडणीतल्या कपबशा किणकिणतात आणि आई भाकरी थापताना हात थांबवते, आवाज गेला की पुन्हा सुरू करते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी विमानाचं चित्र काढून आणायला सांगितलंय. तुम्ही म्हणता, आण इकडं, मी काढून देतो, आणि चार्टपेपर फरशीवर पसरून कानावरची चपटी पेन्सिल काढता. पट्टी घेत नाही. तुमची रेघ तशीच सरळ येते. मी गुडघ्यांवर बसून बघते आहे आणि हळूहळू माझं तोंड उतरतंय.

"अप्पा, हे काय काढलाव?"

"इमान हाय."

"असलं नसतंय. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. आन् शेपटी एकाच बाजूला काढलाव, दुसरी राहिली."

"राहिली न्हाई माय. तिकडं न्हाईच ती. मागं बघणाऱ्या माणसाला आडवी यायली म्हणून काढून टाकलेत."

"कुठं पाहिलाव तुम्ही?"

"हापिसरची जुनी पुस्तकं खोक्यात भरायलो होतो, त्यात फोटो होता. उडतंय हे."

मी हसले. आईकडे बघून हसले, आणि मग शाळेत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, दिस कॅन नॉट फ्लाय. मराठीत म्हणता आलं असतं. आपल्या घरात तेव्हा इंग्रजी फक्त मलाच येत होतं, असं मला वाटत होतं. तुम्ही त्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं अधिकाऱ्यांचं ऐकत होतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी खोडरबर घेतलं आणि तुमच्या समोरच ती काचेची खोली खोडायला लागले. तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात. म्हणालात, "बरं. तुझं बरोबर असंल," आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मला त्याच कागदावरच्या नीटनेटक्या, दोन्हीकडे सारख्या विमानासाठी तारा मिळाला. तुम्ही तो पाहून "लई झ्याक" म्हणालात. त्यानंतर तुम्ही मला कधी काही काढून दिलं नाही. मीही कधी मागितलं नाही.

पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले, हे तुम्ही पाहिलंतच. संतपूरहून आलेल्या, सकाळी बुद्धवंदना करून कामाला जाणाऱ्या सुताराची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, हे तुम्ही बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचात. आयुष्यभर मी लाल पेन घेऊन दुसऱ्यांचं दुरुस्त करत बसले. तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. फोटो सापडल्यावर मी तो छापून तुमच्या तसबिरीखाली लावू शकले असते. पण माझं वाक्य होतं, हे उडू शकत नाही. त्याला फोटो पुरत नव्हता. ज्या हातानं खोडलं, त्या हातानं ते बनवावं आणि उडतं का ते स्वतः बघावं, असं मनानं घेतलं. बाकी काही नको होतं मला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वयानं माझ्याएवढेच. त्यांच्या दुकानात छताला दोरीनं टांगलेली फोमची विमानं मी कित्येक वर्षं बघत होते. रिमोटवर उडवायचा त्यांना नाद आहे. मी फोटो घेऊन गेले तेव्हा त्यांनी फोन उलटा करून पाहिला, मग सुलटा केला.

"टीचर, ह्याचं एक अंग कुठं इसरून आले हे लोक?"

"इसरले न्हाईत. असंच हाय."

"आणि उडत होतं?"

"उडत होतं."

"मग करू की. पण बनवायचं तुम्ही, मी नुसतं सांगणार. न्हाईतर तुमचं म्हणता येणार न्हाई."

अप्पा, तुम्ही लाकडाचे. फोम तुम्हाला आवडला नसता, तुम्ही त्याला नखानं टोचून बघितलं असतं. पांढरी, बोटाच्या अर्ध्या जाडीची शीटं येतात, ब्लेडनं कापली जातात. फोटोवरून मापं काढून मी नकाशा वहीच्या जोडकागदांवर काढला. ओट्याच्या गोल कडेवरून शीट हळूहळू घासत नेलं की ते वाकतं आणि वरून फुगीर पंख तयार होतो. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी तो पंख हातात घेऊन स्वयंपाकघरात किती वेळ नुसतीच उभी होते. पंखाच्या पोटात बांबूची काडी घातली. काचेच्या खोलीसाठी पाण्याची मोठी बाटली कापली, आणि तिच्यावर चौकटीच्या रेघा काळ्या रंगानं ओढताना मला कळायला लागलं की हे विमान कुणी वेड्यानं काढलेलं नाही. ज्याला फक्त बघायचं आहे, त्याच्या डोळ्यांसमोर इंजिनाचा पंखा फिरत नाही. एका बाजूला इंजिन नाही, मागे शेपटी नाही. बघण्यासाठी म्हणून कुणीतरी सगळं विमान बाजूला सरकवलं होतं. आणि तुम्ही ते एका फोटोवरून, खोकं भरता भरता, खिळे तोंडात धरून समजून घेतलं होतं. वर लक्षातही ठेवलं.

तुमची धाकटी लेक आली होती, तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अक्का, मोटरसायकलला दुधाचा कॅन बांधल्यावानी दिसायलंय गं हे."

"हसू नको."

"कामून? तूच तर हसली होतीस म्हणं. आईनं सांगितलंय मला."

म्हणजे घरात ते बोललं गेलं होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, आई भाकरीच बघत होती.

बीदरला आणि कलबुर्गीला विमानतळ आहेत, तिथे जवळपास असलं काही उडवायचं नसतं, म्हणून आम्ही खजुरीला धाकटीच्या सासरच्या शेतात गेलो. तूर निघाली होती, रान मोकळं होतं. पण त्याआधी मी एक केलं होतं, आणि ते मी अण्णांना सांगितलं नव्हतं. फोटोवरच्या मापानं ती काचेची खोली मध्यापासून जरा जास्तच लांब येत होती. बॅटरी तिच्यात होती. पंख मधोमध दोऱ्यानं टांगला की विमान उजवीकडे कलायचं. थोडंसंच, पण मला ते बघवेना. मी खोली दोन बोटं आत ओढून चिकटवली. मग दोऱ्यावर ते तराजूच्या दांडीसारखं सरळ उभं राहिलं, आणि मला वाटलं, आता बरोबर झालं.

अण्णांनी हातातून फेकलं. मोटर पूर्ण जोरात. ते दहा-बारा पावलं गेलं, डावा पंख खाली गेला, अण्णा रिमोटवर काय काय करत होते, पण ते सावरलंच नाही. पाठीवर पडत पडत तुरीच्या खुंटांत शिरलं. आवाजही मोठा झाला नाही. पापड मोडावा तसा. बांधावर बसलेले धाकटीचे सासरे म्हणाले, "एवढंच हाय का?" आणि उठून गेले.

अण्णांनी तुकडे गोळा केले आणि माझा नकाशा मागितला. एकदा नकाशा बघितला, एकदा तुटलेला पंख.

"टीचर, ही खोली आत कुणी घेतली?"

"मी. उजवीकडं कलत होतं."

"कलू द्यायचं होतं की! पंखा एकीकडं फिरला की इमानाला उलटीकडं पिरगाळतोय, डावीकडं. त्याला धरून ठेवायलाच तिकडं वजन ठेवलेत त्यांनी. तुम्ही सरळ कामून केलात?"

मी त्यांच्या हातातून तुकडे घेतले. मला संतपूरच्या घराचं दार दिसत होतं. तुम्ही नवीन फळ्यांचं दार बसवताय, मी कॉलेजातून सुट्टीला आले आहे, आणि कडीकडची बाजू मला वर गेलेली दिसते. मी म्हणते, अप्पा, वाकडं बसलंय. तुम्ही न बघताच म्हणता, "आज वाकडंच बसवायचं असतंय माय. दाराला वजन हाय, उद्या ते लोंबतंय, मग सरळ होतंय." मी तेव्हाही मान हलवली होती, पटलं म्हणून हलवली नव्हती. खजुरीच्या रानात, हातात फोमचे तुकडे घेऊन, मला ते दार पटलं. आणि हेही दिसलं की मी तुमचं विमान दुसऱ्यांदा दुरुस्त केलं होतं.

पंख नवा करायला महिना गेला. अंगठ्याला ब्लेड लागलं, चार दिवस पट्टी होती. या वेळी खोली जिथे होती तिथेच ठेवली. दोऱ्यावर टांगलं तर ते उजवीकडे कललं, अगदी थोडं, मान तिरकी करून ऐकणाऱ्या माणसासारखं, आणि मी त्याला हात लावला नाही. सगळ्यात अवघड तेवढंच होतं.

परवा सकाळी पुन्हा गेलो. वारा नव्हता. अण्णांनी फेकलं, आणि अप्पा, ते सरळ गेलं. कललेलं होतं ते जोरात गेल्यावर सरळ झालं. मग वर गेलं. अण्णा एकदम कानडीत स्वतःशीच काहीतरी म्हणाले. बाभळीच्या वर जाऊन त्यानं वळण घेतलं तेव्हा ते खालून पूर्ण दिसलं, एकीकडे इंजिन, एकीकडे बाटलीच्या काचेवर चमकणारं ऊन, मागे अर्धीच शेपटी. आकाशात त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. धाकटी हसायचं विसरून माझा दंड धरून उभी होती. "अक्का," ती म्हणाली, "अप्पाचं इमान हाय गं." चार फेऱ्या झाल्या. मला एवढं मोठं काही शांतपणे बघता येतं हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. पहिल्यांदा ते पडलं, त्या संध्याकाळी खजुरीहून आल्यावर मी तुम्हाला पत्र लिहायला बसले होते. अर्धं पानच झालं. त्यात मी लिहिलं होतं, अप्पा, आज तुमचं विमान उडालं. त्याच्यापुढे ते किती उंच गेलं तेही लिहिलं होतं.