मासा आवाजानं पळतो

६ फेब्रुवारी, गुरुवार
कोयनानगरच्या पुढं, जंगलातला लॉज. पोचलो. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. उत्तम.
धाकटा भाऊ विरू आधीच येऊन बसलाय. चार वर्षांनी समोरासमोर. माझ्या बायकोची, मंगलची आयडिया. निवांत मासे धरा, बोला म्हणे. कोइमतूरला आमचं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान; त्याच्या बोर्डावर कुणाचं नाव वर, एवढ्यावरून ह्या माणसानं वेगळं दुकान टाकलं. मी केव्हाच विसरलो. बोर्डाचा फोटो तेवढा मोबाईलमध्ये ठेवलाय.
संकल्प: तो माफी मागणार. लगेच हो म्हणायचं नाही. आधी मोठा महाशीर मासा धरायचा, मग मोठ्या मनानं माफ.

७ फेब्रुवारी
जीपनं तलावावर. होडीत बसल्या बसल्या विरू म्हणाला, दादा, एक बोलायचं हाय. म्हटलं, गप. मासा आवाजानं पळतो. यूट्यूबवर सगळं बघून आलोय. गप्प बसला. मग खोकला. मुद्दाम. माझा गळ दोनदा शेवाळात, एकदा माझ्याच टोपीत. खोकल्यामुळं.
संध्याकाळी चहाला पुन्हा तेच. दादा, ऐक की जरा. म्हटलं, उद्या, मासा धरल्यावर. तडफडू दे जरा.

८ फेब्रुवारी
विरूला मासा लागला. हातभर. अलगद गळ सोडवला, पाण्यात सोडून दिला, माझ्याकडं बघून हसला. हे हसणं मी लहानपणापासून ओळखतो. त्याची जागा चांगली होती. बदलून घेतली. तिथंही त्यालाच लागला. चीटिंग. कसली ते शोधायला हवं.
दुपारी गळ खाली ठेवून म्हणाला, मी मासं धराय न्हाई आलो, दादा. आपल्या प्रांजलचं...
प्रांजल म्हणजे त्याची पोरगी. तेवढ्यात माझी दोरी हलली. ओरडलो, गप बस की रं! ओढून काढलं तर वाळकी फांदी. लॉजवर येईपर्यंत विरू एक अक्षर बोलला नाही. शेवटी शिस्त लागली.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
विरू पहाटेच निघून गेला. माफी मागायची हिंमत झाली नाही. भित्रा. एकटाच तलावावर गेलो. काही नाही. ऊन फार होतं.

त्याच दिवशी, दुपारी ४
टाकीवर चढून मंगलला फोन केला. मागं माणसांचा गलका. म्हणाली, गावी विट्यात आहे, प्रांजलचा साखरपुडा झाला आत्ता. भाऊजींनी मला बजावलं होतं, वैनी, तुमी सांगू नका, दादाला मी सोता बोलवून आणतो. घरचा थोरला म्हणून तुम्हाला पाटावर बसवायचं होतं. तुम्ही त्यांना बोलूच दिलं नाही म्हणे. शेवटी त्यांचा मेव्हणा बाळासो बसला. पोरगी दाराकडं बघत होती, काका येतील म्हणून.
म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही.
मंगलनं फोन ठेवला. परत लावला. उचलत नाही.
विरूला लावावा म्हटलं. नंबर नाही. भांडणानंतर मीच काढून टाकला होता. खाली उतरलो, मॅनेजरकडं मागितला.
तो म्हणाला, तुमचेच भाऊ ना ते?