आपला गाजलेला पेपर

सर, आपल्या दोघांच्या नावाच्या त्या पेपरचा दाखला अजून कोणी ना कोणी देतंच असतं. मी तुमच्या हाताखाली पीएचडी करत होते तेव्हा आपण असे दाखले मोजतही नव्हतो. परदेशातून कोणी पत्र पाठवून पेपरची प्रत मागितली, की तुम्ही ते पत्र लॅबभर फिरवायचात आणि सगळ्यांसाठी बटाटेवडे मागवायचात. आता हे मोजणं रोज आपोआप होतं. प्रोफेसरपदासाठी मी अर्ज केलाय, त्यात पेपर किती, सायटेशन्स म्हणजे असे दाखले किती, एच-इंडेक्स किती, असे रकाने आहेत. डोंबिवलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून ते भरले. एवढी वर्षं मरमर काम केलं, आणि निम्म्याहून जास्त सायटेशन्स त्या एकाच पेपरची निघाली. आणि तो पेपर चुकीचा आहे, सर.

मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीनं आपल्या वेळच्या गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या. हल्ली जर्नलवाले पेशींची डीएनए तपासणी मागतात, म्हणून तिनं ती करून घेतली. रिपोर्ट घेऊन आली आणि दारातच घुटमळली. "मॅम, ह्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी नाहीच आहेत. आतड्याच्या आहेत. मी दोनदा चेक केलं." मी म्हटलं, "अगं, तिसऱ्यांदा कर." तिसऱ्यांदाही तेच आलं. म्हणजे ज्या औषधानं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात असं आपण जगाला सांगितलं, ते औषध आपण त्या पेशींना कधी दिलंच नव्हतं. आणि त्या पेपरच्या भरवशावर कुठे कुठे माणसं पुढचे प्रयोग करत बसली आहेत.

मला कोपरीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू दूध तापवतायत, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात आणि मला विचारताय, "ताकातला चमचा ह्या दुधात बुडवला तर सकाळी काय मिळेल?" मी म्हणते, "दही." "म्हणून दोन प्रकारच्या पेशींच्या बाटल्या एका वेळी उघडायच्या नाहीत. भराभर वाढणाऱ्या पेशींचा एक थेंब पुरतो, त्या बाकीच्यांना उरू देत नाहीत." मी दोन वर्षं हे नेमानं पाळलं. मग एका दुपारी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, मला लवकर निघायचं होतं. तोंडाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींच्या बाटल्या एकदम उघडल्या आणि द्रव उचलायचं एकच पिपेट दोन्हींत फिरवलं. तेवढ्यात तुम्ही आत आलात. "एकदम उघडल्या नाहीस ना गं?" मी म्हटलं, "नाही सर." तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. खरं सांगितलं असतं तर तुम्ही खूप रागावला असतात, पेशी फेकून द्यायला लावल्या असत्यात, दोन-तीन महिने वाया गेले असते. तेवढंच झालं असतं.

जर्नलला पाठवायचं पत्र लिहून तयार आहे. मुलाखत गुरुवारी आहे. पत्र गेलं की पेपर मागे घ्यावा लागेल आणि माझ्या अर्जात फारसं काही उरणार नाही. तुमच्या नावाला बट्टा लागेल, काकूंना काय वाटेल, म्हणून थांबलेय, असं मी स्वतःला समजावत होते. मोठं सोयीचं कारण होतं ते. शेवटी काल कोपरीला गेले. तुम्ही गेल्यापासून काकू फार थकल्यात, पण चहा त्यांनीच टाकला. मी सगळं सांगितलं, बाटल्यांचंसुद्धा. काकू म्हणाल्या, "अगं, मग कळव की. ह्यांनी त्याच दिवशी कळवलं असतं. त्यांच्या नावाचं तू नको बघूस."

मला त्यांचा रागच आला, सर. तुमच्या नावाची काळजी मला नव्हतीच. मला प्रोफेसर व्हायचं होतं, आणि अजूनही व्हायचंय. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत आणि मी खरंच दमलेय.

निघताना काकूंनी दारात पुन्हा विचारलं, "कळवशील ना?" मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत म्हटलं, "कळवलंय काकू, आत्ताच, मोबाइलवरून." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी अजून काहीही पाठवलेलं नाही.