रेघ ओलांडून गेलेली घागर

चाकूर

ती. मल्लिकार्जुन अण्णा यांना धाकट्या शिवगंगाचे शरणार्थ.

तुमचं ब्लडप्रेशर वाढल्याचं कळलं. त्याला मी कारण आहे असंही कळलं, त्यामुळे प्रकृती विचारताना जरा संकोच वाटतो. वहिनी इथे मजेत आहेत. माझी समजूत काढायला तुम्ही त्यांना ठेवून लातूरला गेलात, पण तो विषय त्यांनी अजून काढलेला नाही.

घागर परत करून माफी माग, असा तुमच्या उत्सव समितीचा निरोप मिळाला. मागणार नाही. नव्या लातूर जिल्ह्याच्या वाढदिवसाला बायकांची घागर-शर्यत ठेवायची (आणि तीही या दुष्काळात, भरलेल्या घागरींची!) ही कल्पना तुमचीच. आमच्या गल्लीत टँकर आला नव्हता, मैदानावर मात्र आला. पूजेला पाणी नाही म्हणून मामंजी आदल्या दिवसापासून उपाशी. (इष्टलिंगाच्या पूजेशिवाय ते घास घेत नाहीत, हे माझं लग्न ठरवताना तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत.) मग मी पळाले. डोक्यावरची घागर हलली नाही, थेंब सांडला नाही. कर्ण्यावरून तुम्ही ओरडत होतात, "पाहा, किती चपळ भगिनी!" मी पहिली आले, चुन्याची रेघ ओलांडली आणि तशीच थेट घरी गेले. थांबायचं कुणी सांगितलं होतं?

रेघेच्या अलीकडे चपळ आणि पलीकडे चोरटी, हे मला मान्य नाही. कबड्डीत तुम्ही गडी मारून आपल्या अंगणात पळून यायचात, तेव्हा गाव तुम्हाला चपळ म्हणून हार घालायचं. हरीण चपळ, दूध पिऊन पसार होणारं मांजरही चपळच. मला बघायला पाहुणे आले तेव्हा "पोरगी कामाला चपळ आहे" असं तुम्हीच सांगितलंत. मग आता मीच तेवढी आगाऊ कशी? मामंजींनी पूजा केली, पोटभर जेवले आणि म्हणाले, "लई झ्याक झालं, सूनबाई. समितीला म्हणावं, रोज पळवा."

तेव्हा माफी नाही. बक्षिसाची साडी मात्र पाठवा, पहिली मीच आले आहे.

तुमची,
शिवगंगा

ता. क. : घागरी दोन गेल्या, असं समिती म्हणते. दुसरी नेणाऱ्या बाईने तोंडावर पदर घेतला होता म्हणे. तिचा तपास थांबवा, त्यात तुमचंच भलं आहे.

पुन्हा ता. क. : वहिनी म्हणतात, त्यांना न्यायला याल तेव्हा दुसऱ्या नंबरच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन या. आणि कर्ण्यावरून तुम्ही त्यांनाही भगिनी म्हणालात, ते त्यांच्या मनाला फार लागलंय.