नवाबवर बंदीचा अर्ज

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवाबनं आत्याला फाडलं! उजवा हात, कोपराखाली. बद्रीनाथकाकांच्या बंगल्यावर सहा वर्षं पोळ्या लाटते ती — त्याच हातानं. एरवी बांधलेला असतो तो, आज सुटा होता. गेटपाशी माळी होता, दूधवाला होता. त्यांना सोडून हिच्याच अंगावर!

आणि काकांचा शिवम म्हणतो काय — "आत्या घाबरल्या, म्हणून त्यानं धरलं." घाबरल्या! एवढं धिप्पाड रॉटवायलर कुत्रं अंगावर आल्यावर ओवाळायचं होतं का त्याला?

घाटी दवाखान्यात नेलं. जखम लई खोल. आत्या एवढंच म्हणाली, "कणीक मळून ठेवली होती. वाळली आसंल."

कणीक!

४ फेब्रुवारी

संस्कृतीचे चौदा मेसेज. एकालाही उत्तर दिलं नाय. शिवमची बहीण ती. दीड वर्षं हिच्यासाठी त्या बंगल्यासमोरून गाडी हळू चालवतोय मी!

पहिल्यात लिहिलंय, "नवाब तसा नाहीये." आत्या कशी आहे, हे नवव्यात!

५ फेब्रुवारी

आत्याच्या नावानं अर्ज लिहिला. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून काय अर्ज लिहिता येत नाय होय? 'असल्या जातीचे कुत्रे वस्तीत पाळण्यास बंदी घालावी. सदर कुत्रा ताब्यात घ्यावा.'

मनपात गेलो. साहेब म्हणाले, "बंदीचं वर ठरतं. आमच्याकडं फक्त नोंदणी."

"मग याची आहे का?"

"नाही दिसत."

"मग?!"

"ओरडू नका. मंगळवारी बाईंना घेऊन या. अर्जावर त्यांची सही लागंल."

म्हणजे मोटरसायकलीला नंबर लागतो, आणि माणूस फाडणाऱ्या जनावराला काहीच नाय!

अतुल सोबत होता. जिन्यात म्हणतो, "भावा, सासऱ्यावरच केस ठोकतो का?" पाठीत गुद्दा घातला. तरी हसतच होता हरामखोर.

६ फेब्रुवारी

संस्कृतीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिनं. मीच कापला.

८ फेब्रुवारी, रविवार

बद्रीनाथकाका घरी आले. पहिल्यांदाच. आत्यानं डाव्या हातानं चहा ठेवला.

"रत्नमालाबाई, त्याला फुलंब्रीच्या शेतात नेऊन बांधतो. मिटवून टाका."

आत्या म्हणाली, "शेतात माणसं नाय का राहत, भाऊ?"

काका उठलेच! चहा तसाच ठेवून गेले. लई बरं वाटलं. पाच मिनिटं.

९ फेब्रुवारी

छावणीतल्या चहाच्या टपरीवर संस्कृती भेटली. मी आधीच पेटलेलो.

"बंदुकीला परवाना लागतो, याला का नको? बंदीच पाहिजे असल्या कुत्र्यांवर!"

"लावा ना परवाना. पण आधी पाळणाऱ्याची परीक्षा घ्या. पिल्लू होता तेव्हा माझ्या ओढणीत झोपायचा तो."

"मग चावायला कुणी शिकवलं?!" टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "शिवमनंच ना!"

तिनं मोबाईल पुढं धरला.

दिवाळीतला व्हिडिओ. त्यांचं अंगण, संध्याकाळ. आत्या सकाळीच काम करून गेलेली. शिवम कुरकुरतोय, "नुसतं शेपूट हलवतं हे. कडक करायला पाहिजे." आणि पुढं झालेला मी! कुणी बोलवलं नव्हतं. त्या घरात पाय ठेवायला मिळत होता — आणि ही गॅलरीत उभी होती. हाताला आमच्या घरची वाकळ गुंडाळलेली, नवाब तिला लोंबकळतोय, आणि मी ओरडतोय, "धर! धर! शाब्बास!"

वाकळ आत्यानं शिवलेली. तिच्याच जुन्या साड्यांची. आत्या रोज तीच पांघरून झोपायची, तिच्याच अंगाचा वास त्या वाकळेला. दिवाळीचे सगळे दिवस मी ती रोज नवाबच्या तोंडात दिली.

"तो रागानं नाही रे गेला त्यांच्यावर," संस्कृती रडत होती. "त्याला वाटलं, आता शाब्बास म्हणतील."

मी काय बोलावं? "तुमच्या अख्ख्या खानदानावर बंदी पाहिजे!" असं बोललो. त्या पोरीला!

तरी ती म्हणाली, "व्हिडिओ पुसते मी. कुणालाच कळणार नाही. तू अर्ज मागं घे. नाहीतर पप्पा मला तुझं नावसुद्धा घेऊ देणार नाहीत."

किक मारली आणि निघालो. कुठं ते आठवत नाय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अर्जात एक ओळ वाढवली. आत्याचा चष्मा घरी राहिला होता. मनपाच्या बाकावर मीच वाचून दाखवला. शेवटची ओळ — 'सदर कुत्र्यास अंगावर जाण्यास माझा भाचा प्रणय याने माझ्या साड्यांच्या वाकळेवर शिकवले.'

आत्या माझ्याकडं वळली.

"परत वाच."

परत वाचलं.

सही येते तिला. पण उजवा हात उचलेना. डाव्या हाताचा अंगठा दिला. शाई पुसायला मी रुमाल पुढं केला — घेतला नाय.